कृष्णाकाठची हळद, साताऱ्याचं आलं

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरला ती जमिनीतल्या पेवांत वर्षानुवर्षं टिके. २००५ च्या महापुरात बरीच पेवं निकामी झाली, ही हानी मोठीच. सातारा-कोरेगावकडे आलं पिकतं. चिनी वैद्यकात ओलं आलं सर्दीला, तर सुंठ पोटातल्या गारठ्याला, अशी दोन वेगळी औषधं मानतात. आयुर्वेदातही दोन्हींचे गुण वेगळे सांगितले आहेत.

घसा धरला की हळद दुधात नुसती ढवळू नका. चिमूटभर मिरपूड घालून चांगली उकळी येऊ द्या; मिरीतल्या पायपरीनमुळे हळदीतलं कर्क्युमिन शरीरात जास्त शोषलं जातं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्या.