टाके, तट आणि टायगर

मार्गशीर्षात चिखलदऱ्याचे धुके उठायला नऊ वाजतात. गाविलगडाच्या वाटेवरच्या एका टपरीत चहा घेत मी ते उठायची वाट पाहत होतो. टपरीवाल्या काकांनी गळ्यातला कॅमेरा पाहिला आणि विचारले, ‘‘किल्ला पाहाले चालले का भाऊ?’’

हो म्हणालो.

‘‘मंग दरवाजे पाहून वापस नका येऊ. लोकं दरवाज्यात फोटू काढतात अन् निंघून जातात. किल्ला दरवाज्यातून नाही गेला. उत्तरेकडं जाऊन उभे राहा, मंग समजते कसा गेला थे.’’

दोनशे वर्षांपूर्वीची हार काका परवाच्या सामन्यासारखी सांगत होते. मला मात्र काही महिन्यांपूर्वी अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात कानावर पडलेले एक वाक्य आठवले. लष्कराचे हे संग्रहालय १९९४ पासून आहे. ब्रिटिशांचे माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, जपान्यांचे हा-गो आणि ची-हा, पाकिस्तानी पॅटन असे रणगाडे तिथे रांगेने उभे आहेत. जर्मनांचे एक चाकांचे चिलखती वाहनही आहे. त्याच्यासमोर उभा राहून कॉलेजातला एक मुलगा मित्राला सांगत होता, ‘‘जर्मन टँक म्हणजे विषय संपला! टायगर, पँथर. संख्या कमी पडली म्हणून हरले, नाहीतर अभेद्य होते.’’

वऱ्हाडात गाविलगडालाही हेच विशेषण लावतात. आणि हा अभेद्य गड तोफा सुरू झाल्यापासून जेमतेम अडीच दिवसांत पडला. बळकट म्हणून बांधलेली वस्तू नेमकी कुठे मोडते, हा प्रश्न रणगाड्याला विचारा की गडाला, उत्तर फार वेगळे येत नाही.

एका शब्दाचा फेरा

गड आणि रणगाडा यांचे एक नाते तर शब्दातच आहे. मराठी मुलखातला कोणताही डोंगरी किल्ला जगतो तो पाण्याच्या टाक्यांवर. गाविलगडावर देवतलावासारखे तलाव आहेत, त्यांच्याच भरवशावर हजारोंची शिबंदी वर राहू शके. हेच ‘टाके’ गुजराती-मराठीतून इंग्रजीत गेले आणि ‘टँक’ झाले, असे इंग्रजी कोशकार मानतात. वाटेत पोर्तुगीजांच्या ‘तांके’चाही हात लागला असावा. १९१५ मध्ये ब्रिटिशांनी चिलखती गाडीचा गुप्त प्रयोग सुरू केला, तेव्हा कारखान्यात काय बनते आहे ते कुणाला कळू नये म्हणून ‘पाण्याची टाकी’ असे सांगायचे ठरले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोमच्या रणांगणावर ती गाडी उतरली आणि नाव कायमचे चिकटले. म्हणजे आपल्या गडावरचे टाके जगभर फिरून तोफ घेऊन परत आले. आपण त्याला ओळखले नाही आणि ‘रणगाडा’ असे नवे बारसे केले.

डोंगरालाच तट समजले

गाविलगडाचे नाव गवळ्यांवरून पडले असे मानतात. इतिहासकार फिरिश्ताच्या म्हणण्याप्रमाणे बहमनी सुलतान अहमदशहाने १४२५ च्या सुमारास इथे पक्का किल्ला बांधला. पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमादुल्मुल्क याने १४८८ मध्ये तो दुरुस्त केला. हा मुळात विजयनगरच्या मुलखातला, लहानपणी पकडून आणलेला ब्राह्मणाचा मुलगा. दिल्ली दरवाज्यावर कोरलेला दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी त्या मूळ घराची खूण मानला जातो. १५७७ मध्ये बहराम बुरूज उभा राहिला. म्हणजे दीडशे वर्षे जो तो आपापल्या परीने गडाची मजबुती वाढवत होता.

रचना अशी. आतला मुख्य किल्ला दक्षिणेला तोंड करून आहे आणि तिथे कडा सर्वांत उभा आहे. त्याच्या वायव्येला आणि उत्तरेला बाहेरचा किल्ला आहे. उत्तरेला लबाडा गावाच्या अंगाने आणखी एक, तिसरा तट आहे. वाटाही तीन. दक्षिण दरवाज्याची वाट इतकी लांब आणि खडी की माणसानेच चढावे. वायव्येची वाट कड्याला लगटून, अरुंद, आणि बऱ्याच अंतरापर्यंत गडाच्या माऱ्याखाली येणारी. तिसरी उत्तरेची. तिथे कडा नाही, दरी नाही. समोरची जमीन आणि गडाची जमीन एकाच पातळीवर आहे.

बांधणाऱ्यांना हे दिसले नव्हते असे नाही. म्हणून तर तिसरा तट घातला. पण त्यांचा खरा भरवसा तटावर नव्हता, तटापुढच्या सातपुड्यावर होता. अचलपूरहून लबाड्याला यायचे तर सुमारे तीस मैलांचा डोंगर आणि जंगल. भिंत पाडणाऱ्या जड तोफा त्या वाटेने कोण आणणार? पंधराव्या शतकात हा हिशेब चोख होता. १८०३ मध्येही गडावर तोच हिशेब चालू होता.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी आडगावच्या लढाईत मराठी फौजांचा मोड झाला आणि नागपूरकर रघुजी भोसल्यांचे सैन्य गाविलगडात शिरले. मागोमाग इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली आला. पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. त्याने कर्नल स्टीव्हन्सनला उत्तरेकडे पाठवले. ७ ते १२ डिसेंबर स्टीव्हन्सनचे शिपाई स्वतः रस्ता फोडत, तोफा आणि दारूगोळा बहुतेक वाट हातांनी ओढत लबाड्याला पोचले. आज परतवाड्याहून एसटी घाट चढून तासा-दीड तासात वर येते. तेव्हा त्याच डोंगररांगेला सहा दिवस लागले.

१२ तारखेच्या रात्री उत्तरेच्या तटासमोर दोन मोर्चे उभे राहिले. एकात दोन अठरा रतली आणि तीन बारा रतली लोखंडी तोफा, तट फोडण्यासाठी. दुसऱ्यात पितळी तोफा आणि हॉवित्झर, तटावरची माणसे हटवण्यासाठी. दक्षिणेला वेलस्लीनेही मोर्चा बांधला, पण त्या चढावर लोखंडी तोफा चढल्याच नाहीत. पितळी तोफा लावाव्या लागल्या आणि त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. गड बांधणाऱ्याला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते? जिथे त्याने बळ घातले होते तिथे इंग्रजांचे काही चालले नाही.

उत्तरेला मात्र १३ ला सकाळी तोफा सुरू झाल्या आणि १४ च्या रात्री तटाला चढून जाण्याजोगी खिंडारे पडली.

नाकापेक्षा मोती जड

आता त्या मुलाच्या पँथरकडे. १९४१ मध्ये रशियात घुसलेल्या जर्मनांना सोव्हिएत टी-३४ ने धक्का दिला आणि उत्तर म्हणून पँथर आखला गेला. कागदावर तो तीस टनांच्या वर्गातला होता. मग समोरचे चिलखत ६० मिलिमीटरचे ८० करा, असा हिटलरचा आग्रह झाला. इतरही भर पडत गेली आणि कारखान्यातून बाहेर पडला तो सुमारे ४५ टनांचा.

तोफ अव्वल, समोरचे तिरके चिलखत भक्कम. पण हे ओझे ओढायचे कुणी? इंजिनाची ताकद पट्ट्याच्या दातेरी चाकापर्यंत पोचवणारी शेवटची गिअरपेटी, म्हणजे फायनल ड्राइव्ह, या वजनासाठी नव्हती. तिथे जास्त भार सोसणारी ग्रहमाला पद्धतीची दंतचक्रे हवी होती. ती कापणारी यंत्रे पुरेशी नव्हती, म्हणून साधी सरळ दात्यांची चक्रे बसवली. चिखलात गाडी जागेवर वळवली की सगळा ताण त्या चार-दोन दात्यांवर येई आणि दाते तुटत. युद्धानंतर काही पँथर फ्रेंच सैन्याने वापरले. १९४७ च्या त्यांच्या अहवालात या गिअरपेटीचे सरासरी आयुष्य दीडशे किलोमीटर दिले आहे. अमरावतीहून चिखलदऱ्याला जाऊन परत येताना वाटेतच कुठेतरी ती संपली असती.

जुलै १९४३ मध्ये कुर्स्कच्या लढाईसाठी दोनशे नवे पँथर आणले गेले. त्यांची वाट पाहत हल्ला पुढे ढकलला होता. ते अजून तयार नाहीत, असे चिलखती दलांचा महानिरीक्षक गुडेरियन सांगत होता. रेल्वेतून उतरून आघाडीकडे जाताना दोन इंजिनाच्या आगीत जळाले. ५ जुलैला लढाई सुरू झाली आणि १० जुलैच्या संध्याकाळी आघाडीवर लढण्याजोगे दहाच उरले. काही सुरुंगांनी आणि शत्रूच्या तोफांनी गेले. बरेचसे नुसतेच बंद पडले.

सत्तावन्न टनांच्या टायगरची गत आणखी गमतीची. त्याचा रुंद पट्टा ७२५ मिलिमीटरचा. तो चढवून गाडी रेल्वेच्या वाघिणीवर मावत नसे. म्हणून दर प्रवासाआधी बाहेरची चाके काढायची, ५२० मिलिमीटरचा अरुंद पट्टा चढवायचा आणि उतरल्यावर सगळे पुन्हा उलटे करायचे. वजन वाटले जावे म्हणून चाके एकमेकांत गुंतवून बसवली होती. रशियाच्या हिवाळ्यात त्यांच्या फटीत भरलेला चिखल रात्रीत गोठे आणि सकाळी गाडी जागची हलत नसे. आतले एक चाक बदलायचे तर आधी बाहेरची कितीतरी उतरवावी लागत. या ओढीचे टोक म्हणजे १८८ टनांचा ‘माउस’, म्हणजे उंदीर. त्याला पेलणारे पूल मिळणे कठीण, म्हणून नदीच्या तळातून जायचे आणि काठावर उभ्या दुसऱ्या माउसने केबलने वीज पुरवायची, अशी योजना होती. दोनच नमुने तयार झाले.

टायगर साधारण साडेतेराशे बनले, पँथर सहा हजारांच्या घरात, टी-३४ पन्नास हजारांहून अधिक. ‘संख्या कमी पडली’ हे त्या मुलाचे म्हणणे खरेच आहे. पण ती कमी पडणे आराखड्यातच होते. इतकी किचकट गाडी भराभर बनत नाही आणि बंद पडलेली लवकर दुरुस्त होत नाही. कसलेले कारागीर, भरपूर पेट्रोल, सुटे भाग आणि शाबूत रेल्वे हे सगळे आपल्याला मिळत राहील, हे जर्मन अभियंत्यांचे तीस मैलांचे जंगल होते.

शिडीची जागा

इकडे गाविलगडावर १५ डिसेंबरला सकाळी दहाच्या सुमारास हल्ला झाला. स्टीव्हन्सनची तुकडी खिंडारांतून आत शिरली. दक्षिण आणि वायव्य दरवाज्यांवर एकाच वेळी वेगळ्या तुकड्या चालून गेल्या. वायव्येची तुकडी पोचली तेव्हा आतले लोक त्याच दरवाज्याने बाहेर पडू पाहत होते. तीही तुकडी विनासायास आत गेली.

तरी गड पडला नव्हता. आतल्या किल्ल्याच्या भिंतीला अजून टवकाही उडाला नव्हता. इंग्रजांनी दोन्ही किल्ल्यांमधल्या दरवाज्यावर धडका दिल्या, जमले नाही. मग भिंतीवर शिडी लावता येईल अशी एक जागा सापडली. ९४ व्या पलटणीच्या हलक्या तुकडीचा कॅप्टन कॅम्पबेल शिड्या लावून माणसांसह वर चढला, आत उतरला आणि त्याने दरवाजा आतून उघडला. सगळे लक्ष दरवाज्यावर एकवटले होते आणि तेवढीच भिंत राखणारे कुणी नव्हते.

पँथरलाही असा एक दरवाजा होता. तोफेच्या मुळाशी बसवलेली गोलाकार जाड ढाल. समोरून आलेला गोळा तिच्या वरच्या अर्ध्यावर आदळला तर वर उडून जाई. खालच्या अर्ध्यावर आदळला तर तीच गोलाई त्याला खाली वळवी, थेट चालकाच्या डोक्यावरच्या पातळ छपरात. १९४४ च्या सप्टेंबरपासून ढालीला हनुवटीसारखा कंगोरा देऊन यावर इलाज सुरू झाला. बाजूचे चिलखत तर ४०च मिलिमीटरचे, समोरच्याच्या निम्मे. कुर्स्कला उतरलेल्या ‘फर्डिनांड’ या जर्मन चिलखती वाहनाचे समोरचे चिलखत होते २०० मिलिमीटर. पण जवळ येणाऱ्या पायदळावर मारा करायला त्याच्यावर मशिनगनच नव्हती. ती नंतर बसवली.

गाविलगडाचा किल्लेदार बेनीसिंग होता. त्याचा देह दरवाज्याजवळच्या प्रेतांच्या राशीत सापडला. सर्वाधिक माणसे मेली ती दरवाज्यांपाशीच. शत्रूला कोंडून मारण्यासाठी बांधलेल्या त्या चिंचोळ्या वाटांत गडावरचेच लोक कोंडले गेले. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. भोसल्यांनी कटक, बालेश्वर आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. गाविलगड आणि नरनाळा मात्र इंग्रजांनी त्यांना परत दिले. ज्या कुलपाची किल्ली आपल्या खिशात आहे, ते मालकाला द्यायला काय हरकत?

गवळ्यांची वाट

धुके उठल्यावर मी गडावर गेलो. दरवाज्यांतून चार फोटो काढले, गवतात पडलेल्या लोखंडी तोफांवरून हात फिरवला. मग काकांचे ऐकून उत्तरेला गेलो. दक्षिणेच्या कड्यावर उभे राहिले की पायांत गोळे येतात. इथे तसे काही वाटत नाही. पडका तट, त्यात झुडपे, आणि पलीकडे शेतासारखी सरळ जमीन. कुणी न सांगता आलो असतो तर दोन मिनिटे उभा राहून परतलो असतो.

तेवढ्यात पलीकडून घंटेचा आवाज आला. चार-पाच म्हशी संथपणे पडक्या तटातून आत शिरल्या. त्यांच्यामागून काठी खांद्यावर टाकून एक म्हातारबा आले. मी विचारले, ‘‘बाबा, गुरं नेहमी इकडूनच आणता?’’

त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. ‘‘मंग कुठून आणू? तिकून का म्हशी चढतीन?’’

या डोंगरावर गवळ्यांची गुरे सुलतानांच्या आधीपासून चरत असावीत. ज्यांच्या नावाचा गड, त्यांना आत यायची सोपी बाजू नेहमीच ठाऊक होती.