गारव्यातला कारखाना

कामतघरच्या कोणत्याही गल्लीतून जा, यंत्रमागांची खडखड कानी पडतेच. साध्या मागाच्या धोट्यात सुताची एक कांडी असते. दिसायला ती वीतभर, पण तिच्यावरचे सूत उलगडले तर शेकडो मीटर भरते. थोड्या जागेत लांब धागा मावायचा तर तो गुंडाळावाच लागतो. निसर्गाने हीच युक्ती पुरुषाच्या वृषणात योजली आहे. सुपारीहून थोड्या मोठ्या या अवयवात केसासारख्या बारीक नलिकांची वेटोळी असतात आणि त्यांची एकूण लांबीही काही शे मीटर भरते. या नलिकांमध्ये शुक्रपेशी तयार होतात.

विद्यार्थी मित्रांनो, या विषयाचे नाव काढले की वर्गात खसखस पिकते, हे मला ठाऊक आहे. मी शिकवतो पदार्थविज्ञान. पण उष्णतेच्या तासाला हे उदाहरण मुद्दाम घेतो. का, ते पुढे कळेल.

सेकंदाला हजार पेशी

नलिकेच्या आतल्या कडेला मूळ पेशी असतात. मुलगा वयात आला की त्यांचे विभाजन जोरात सुरू होते. काही पेशी जागेवर मूळ पेशी म्हणूनच राहतात, काही पुढच्या प्रवासाला लागतात. म्हणून हा साठा कधी आटत नाही. प्रवासाला लागलेल्या पेशीत 46 गुणसूत्रे असतात. अर्धगुणसूत्री विभाजन झाले की ती 23 होतात. मग गोल पेशीला शेपूट फुटते आणि ती पोहण्याजोगी होते. या साऱ्याला सुमारे अडीच महिने लागतात. त्यांना पोसण्याचे काम सर्टोली पेशी करतात. इटलीच्या एन्रिको सर्टोली यांनी 1865 साली त्यांचे वर्णन केले.

निरोगी तरुणाच्या शरीरात दिवसाला सुमारे 10 कोटी शुक्रपेशी तयार होतात. या संख्येला 86,400 ने भागून पाहा. दर सेकंदाला हजाराहून अधिक!

रक्त गार कसे होते?

आता माझ्या विषयाकडे येऊ. शरीराचे तापमान 37 अंश सेल्सिअस असते, पण हा कारखाना त्याहून 2 ते 4 अंश कमी तापमानातच नीट चालतो. म्हणून वृषणे पोटाबाहेर, पिशवीत असतात. पण त्यांना मिळणारे रक्त तर पोटातून गरमच येणार. मग काय करायचे?

वृषणाकडे जाणाऱ्या रोहिणीभोवती परतणाऱ्या नीलांचे जाळे असते. आत जाणारे रक्त गरम, बाहेर येणारे गार, आणि दोन्ही विरुद्ध दिशांनी वाहतात. वाटेतच गरम रक्त आपली उष्णता गार रक्ताला देते आणि स्वतः निवते. कारखान्यांतील उष्णता-विनिमयक याच तत्त्वावर चालतो.

गर्भात वृषणे पोटात तयार होतात आणि जन्मापूर्वी खाली उतरतात. काही मुलांत एखादे वरच अडकते. पहिल्या काही महिन्यांत ते आपोआप उतरले नाही, तर साधारण वर्षाच्या सुमारास शस्त्रक्रियेने खाली आणतात. न उतरलेल्या वृषणात पुढे गाठ होण्याचा धोका अधिक असतो.

विभाजन बेबंद झाले तर

वृषणातील दहापैकी नऊहून अधिक कर्कगाठी जननपेशींपासूनच होतात. सेमिनोमा हा त्यांतला एक प्रकार. त्यांचे मूळ बहुधा गर्भावस्थेतच असते. काही जननपेशी परिपक्व न होता तशाच राहून जातात आणि तारुण्यात बेबंद वाढू लागतात. डेन्मार्कच्या नील्स स्काकेबेक यांनी 1972 साली अशा पेशी गाठ होण्याआधीच ओळखता येतात हे दाखवले. हा रोग म्हातारपणाचा नाही, मुख्यतः 15 ते 40 वयाचा आहे. भारतात तो युरोपच्या मानाने बराच विरळ आढळतो.

माझ्या एका विद्यार्थ्याला अशी गाठ झाली होती. ती दुखत नव्हती. क्रिकेटचा चेंडू लागला असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि लाजेपोटी चार महिने घरात कुणाला सांगितले नाही. उपचारांनी तो बरा झाला, पण ते चार महिने मला आजही अस्वस्थ करतात.

प्लॅटिनम आणि सदाफुली

तो बरा झाला त्यामागे एक गमतीदार प्रयोग आहे. 1965 साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग या मूळच्या भौतिकशास्त्रज्ञाने जिवाणूंवर विद्युत्क्षेत्राचा परिणाम पाहायला घेतला. जिवाणू वाढून लांबच लांब झाले, पण त्यांचे विभाजन थांबले! श्रेय विजेचे नव्हते. विद्युताग्रांचे प्लॅटिनम द्रावणात उतरून एक संयुग बनले होते. त्यातूनच सिस्प्लॅटिन हे औषध मिळाले. 1974 साली इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी त्याला दोन औषधांची जोड दिली. ब्लिओमायसिन हे मातीतल्या सूक्ष्मजीवाचे, तर विनब्लास्टिन आपल्या दारातल्या सदाफुलीचे. (म्हणून कुणी सदाफुलीची पाने चघळू नयेत, ती विषारी असतात.) त्याआधी अंगभर पसरलेल्या या रोगाचे बहुतेक रोगी दगावत; त्यानंतर बहुतेक वाचू लागले. पुढे विनब्लास्टिनची जागा दुसऱ्या औषधाने घेतली, सिस्प्लॅटिन मात्र आजही वापरात आहे. वेळेवर उपचार झाले तर शंभरातले पंचाण्णवाहून अधिक रोगी बरे होतात.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 साली सुरू झाले आणि 1962 साली अणुऊर्जा विभागाकडे आले. भिवंडीकरांना ते दूर नाही. दूर असते ती घरातली पहिली पायरी: "बाबा, मला इथे गाठ लागते आहे," एवढे वाक्य. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. ते डॉक्टर तपासून ठरवतील. तुम्ही फक्त लपवू नका. आणि शिक्षकांनी या धड्याची पाने घाईघाईने उलटू नयेत, एवढीच विनंती.