व्यक्तिमत्त्व विकार : तुरुंग की रुग्णालय?

छिन्नमनस्कता आणि व्यक्तिमत्त्व विकार यांतील भेद आपण अभ्यासला आहे. न्यायालयात हाच भेद माणसाचे पुढील आयुष्य ठरवतो.

रामन राघव याचे उदाहरण घ्या. मुंबईतील खुनांबद्दल त्याला फाशीची शिक्षा झाली होती. त्याची छिन्नमनस्कता असाध्य असल्याच्या वैद्यकीय अहवालामुळे १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. आता अशा माणसाचा विचार करा, ज्याला भास होत नाहीत, आपण काय करतो हे ज्याला कळते. परंतु संताप आवरण्याची किंवा दुसऱ्याची वेदना जाणण्याची ज्याची घडणच लहानपणापासून बिघडलेली आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम २२ (पूर्वीचे भारतीय दंड संहितेतील कलम ८४) कृत्याचे स्वरूप किंवा त्याची अयोग्यता मनोविकलतेमुळे न कळणाऱ्यालाच संरक्षण देते. अनावर ऊर्मी किंवा सायकोपॅथचे अनिवार वर्तन या संरक्षणात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने हरिसिंग गोंड खटल्यात (२००८) म्हटले. साहजिकच असा माणूस बहुधा तुरुंगात जातो.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०३ नुसार मनोरुग्ण बंद्याला रुग्णालयात हलवता येते. मीरा रोडच्या पूनम सागरमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्याला ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय ऐकून ठाऊक असेल. १९०१ पासूनची ही संस्था अशा व्यवस्थेचाच भाग आहे. पण खाट मिळाली म्हणजे उपचार मिळाला, असे नव्हे. औषधांनी भास ओसरतात. व्यक्तिमत्त्व विकारावर मात्र मूळ विकार बरा करणारे औषध नाही. येथे उपचार म्हणजे वर्षानुवर्षे चालणारे समुपदेशन, गटचर्चा आणि वॉर्डातले रोजचे व्यवहार. कोणी नकार दिला, रांगेत थांबावे लागले, की रुग्ण कसा वागतो, हीच तेथील अभ्याससामग्री!

अडचणही तेथेच आहे. ज्या परिचारिकेच्या कमरेला किल्ल्या आहेत, तिच्यावरच रुग्णाने विश्वास ठेवायचा असतो. शिवाय रुग्ण खरोखर बदलला, की सुटकेसाठी शहाण्यासारखा वागतो आहे, हे ओळखणे अनुभवी चिकित्सकालाही कठीण जाते. नेदरलँड्समध्ये १९२८ पासून शिक्षेनंतर सक्तीच्या उपचाराची पद्धत आहे. धोका टळलेला नाही, असे न्यायालयाला वाटल्यास तिची मुदत वाढत राहते. म्हणजे शिक्षा संपूनही सुटकेची तारीख नसते. आपल्याकडे याउलट तारीख असते, उपचार क्वचितच.

आपली प्रगती तपासा : शिक्षा भोगून झालेल्या, पण धोकादायक मानल्या गेलेल्या व्यक्तीला उपचारासाठी रोखून ठेवणे आपणांस न्याय्य वाटते काय? सकारण लिहा.