गोटीतला निरोप

संगणकाशी संवाद म्हणजे कळ दाबणे व पडद्याकडे पाहणे, असा आपला समज असतो. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकताना ड्यूरेल बिशप यांनी १९९२ साली निराळी वाट दाखविली. त्यांनी कल्पिलेल्या यंत्रातून दूरध्वनीवरील प्रत्येक निरोपागणिक एक गोटी बाहेर येते. गोटी ही त्या निरोपाची खूण. ती यंत्राच्या खळगीत ठेवली की निरोप ऐकू येतो. दूरध्वनीवर ठेवली की निरोप देणाऱ्याला परत फोन लागतो. भावासाठी निरोप असेल, तर गोटी वाटीत काढून ठेवावी. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही हे उमगेल. म्हणूनच यंत्राला रूप देताना अभियंत्याशेजारी आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनीही बसले पाहिजे, असे मला वाटते.