इसार, मुदत आणि पहिले गिऱ्हाईक

शेताचा सौदा करताना इसाराची रक्कम मोजून, मुदत ठरवून, साक्षीदारांसमक्ष कागद केल्यावाचून जो यावलचा वा शिरपूरचा गृहस्थ एक पाऊल पुढे टाकत नाही, तोच आपल्या केळीच्या वेफर्सच्या पाकिटाचे संकल्पन जळगावच्या किंवा धुळ्याच्या एखाद्या होतकरू तरुणाकडून करून घेताना ‘भाऊ, तू कर तर खरं, पैशाचं पाहून घेऊ’ एवढ्या जबानीवर सारा व्यवहार सोडून देतो. आणि तो तरुणही, पहिलेच काम हातचे जाईल या धास्तीने, मुकाट्याने मान डोलावतो.

मोबदल्याचा हिशेब वास्तविक अवघड नाही. घरखर्च, वीज, संगणकाची झीज आणि सॉफ्टवेअरचे भाडे मिळून महिना ३०,००० रुपये लागतात असे समजा. कामे शोधणे, भेटीगाठी आणि वसुली यांत जाणारे दिवस वजा करता कमाईचे १२ दिवस उरले, तर दिवसाचे २,५०० आणि चार दिवसांच्या पाकिटाचे १०,००० रुपये होतात. ही किमान मर्यादा. नफा अद्याप धरलेलाच नाही.

मुदतीचे प्रकरण मात्र अधिक नाजूक. १९३६ साली फैजपूरला राष्ट्रसभेचे, म्हणजे काँग्रेसचे, खेड्यातील पहिले अधिवेशन भरले, तेव्हा गांधीजींनी अधिवेशनाच्या नगररचनेची कामगिरी चित्रकार नंदलाल बोस यांच्यावर सोपवली आणि त्यांनी ती बांबू व ग्रामीण कारागिरी यांच्या बळावर, डिसेंबरच्या अढळ तारखेच्या आत पार पाडली. आजच्या गिऱ्हाइकाचे अधिवेशन म्हणजे आखाजी किंवा धनत्रयोदशी. तेव्हा त्या दिवसापासून मागे मोजत यावे. पाऊचच्या छपाईला प्रत्येक रंगाचा निराळा सिलिंडर कोरावा लागतो आणि तो एकदा कोरल्यावर वजनाचा आकडा बदलणेही खर्चाचे ठरते, म्हणून अंतिम मसुद्यावर मालकाची सही हवीच. शिवाय संकल्पकाचे दिवस सुरू व्हावेत ते मजकूर, परवाना क्रमांक आणि इसार हे तिन्ही हाती पडल्यापासून, फोनवरील पहिल्या बोलण्यापासून नव्हे. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या दरात धराव्यात, तिसरीचे पैसे वेगळे.

कायदाही येथे अगदीच मूक नाही. उद्यम नोंदणी असलेल्या लघुव्यावसायिकाचे पैसे, २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम अधिनियमान्वये, लेखी करार असला तरी काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसल्यास १५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज लागते. पहिल्याच गिऱ्हाइकावर हे कलम उगारावे असे मी म्हणणार नाही, परंतु देयकावर नोंदणी क्रमांक छापण्यास काहीच हरकत नाही. तसेच १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमानुसार संकल्पनावरील हक्काचे हस्तांतरण लेखीच व्हावे लागते; ते शेवटच्या हप्त्यानंतर होईल, असे एक वाक्य करारपत्रात असू द्यावे.

राहता राहिला मामाचा किंवा मेहुण्याचा प्रश्न, कारण आपल्याकडे पहिले गिऱ्हाईक बहुधा नात्यातलेच निघते. त्यांच्यासाठी देयकात पूर्ण १०,००० लिहून, खाली सवलत म्हणून हवे तेवढे वजा दाखवावे. म्हणजे मामांनी पाठवलेला पुढचा व्यापारी निदान खरा दर ऐकून तरी येईल.