टेक्ससच्या ताटातलं टॅको सॅलड

टॅको मेक्सिकोचा, पण टॅको सॅलड सीमेच्या उत्तरेचं. मेक्सिकोत याच्या सगळ्यांत जवळचा पदार्थ म्हणजे तोस्तादा. मक्याची चपटी, कुरकुरीत तळलेली रोटी, तिच्यावर घोटलेला राजमा, मग लेट्यूस, चीज, थोडं क्रीम आणि साल्सा. टेक्सस-कॅलिफोर्नियाकडे हेच सामान ताटलीतून वाडग्यात गेलं, पाला वाढला, खिमा वाढला, वर पिवळं चेडर किसलं गेलं. 'हे खरं मेक्सिकन नव्हे' म्हणून त्याला नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. टेक्सस अमेरिकेत सामील झालं १८४५ मध्ये. त्याच्या कितीतरी आधीपासून स्पॅनिश बोलणारी कुटुंबं तिथे नांदत होती. त्यांच्या चुलीपाशी नव्या बाजारातलं सामान आलं आणि स्वयंपाक त्याप्रमाणे वळला. त्यातून झालेलं टेक्स-मेक्स हे त्या मुलखाचं हक्काचं जेवण आहे, आणि ते मनापासून करावं अशा योग्यतेचं आहे.

खाता येईल अशा वाटीत टॅकोचं सारण भरायची कल्पना गाजली ती डिस्नेलँडमुळे. टेक्ससमधल्या सान अँटोनियोच्या चार्ल्स एल्मर डूलिन यांनी १९३२ मध्ये गुस्तावो ओल्गिन या मेक्सिकन गृहस्थांकडून मक्याच्या तळलेल्या पट्ट्यांची कृती विकत घेतली आणि 'फ्रिटोज' बाजारात आणलं. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं, त्याच वर्षी तिथे डूलिन यांच्या कंपनीचं 'कासा दे फ्रिटोस' हे उपाहारगृह सुरू झालं. तिथे मक्याच्या छोट्या कुरकुरीत वाटीत सारण भरून देत. त्याला 'टा-कप' म्हणत.

टॅको सॅलडचा जीव मात्र मक्यात आहे. मक्याची भाकरी ज्यांनी थापली असेल त्यांना ती कडेनं कशी चिरते ते ठाऊक आहे. मेक्सिकोची तोर्तिया त्याच धान्याची, पण घडी घातली तरी मोडत नाही. फरक चुन्याचा. दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवतात. सकाळी टरफलं चोळून निघतात, दाणे धुवून वाटले की चिकटून येणारं ओलं पीठ तयार होतं. त्याला 'मासा' म्हणतात. चुन्यामुळे मक्यात अडकलेलं नायसिन हे जीवनसत्त्वही मोकळं होतं. मका युरोपात गेला तेव्हा ही रीत त्याच्यासोबत गेली नाही. जिथे गरिबांचं पोट मुख्यतः मक्यावरच भरत होतं, त्या उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्रानं माणसं खंगली. हा रोग संसर्गाचा नसून अन्नाच्या तुटीचा आहे, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५ च्या सुमारास प्रयोगांनी दाखवलं. मेक्सिकोतल्या बायका ती काळजी हजारो वर्षं रोजच्या दळणकांडणातच घेत आल्या होत्या. म्हणून सॅलडसाठी तोर्तियाचे चिप्स घेताना पाकीट उलटून पाहावं. मका, तेल, मीठ आणि चुना एवढंच लिहिलेलं असेल तर ते घ्यावं.

आता प्रत्यक्ष करायचं ते. चार माणसांच्या जेवणाला लेट्यूसचा एक मोठा गड्डा, तीन टोमॅटो, दोन अव्होकाडो, एक कांदा, कोथिंबीर, दोन लिंबं, १०० ग्रॅम चीज, २०० ग्रॅम चिप्स, आणि अर्धा किलो खिमा किंवा पाव किलो राजमा.

सगळी मेख पाण्यात आहे. काकडीच्या कोशिंबिरीला पाणी सुटू नये म्हणून मीठ अगदी वाढताना घालतात; इथेही पाण्याचाच विचार करायचा. टॅको सॅलड पिचपिचीत होतं ते चार ठिकाणच्या पाण्यामुळे: धुतलेला पाला, चिरलेला टोमॅटो, रस्सेदार सारण आणि सारणाची वाफ. लेट्यूस गार पाण्यात धुवून सुती पंचावर पसरावं आणि पूर्ण कोरडं होऊ द्यावं. पानाला थेंब राहिला तर लिंबाचा रस त्याला धरत नाही, सगळा तळाशी जातो. टोमॅटोच्या बिया काढून बारीक फोडी कराव्यात, मीठ चोळून पंधरा मिनिटं चाळणीत ठेवाव्यात. खाली बरंच पाणी साठतं. ते फेकू नये. त्यात लिंबू, चमचाभर तेल, ठेचलेली लसणाची पाकळी आणि हिरवी मिरची घातली की वरून घालायचं ड्रेसिंग झालं. बाटलीतलं विकतचं ड्रेसिंग यापुढे फिकं वाटतं.

खिमा रुंद पातेल्यात, थोडा थोडा घालून, पाणी आटून तेल सुटेपर्यंत परतावा. एकदम सगळा घातला तर तो परतला जात नाही, स्वतःच्याच पाण्यात शिजतो. मसाल्याबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेतली 'चिली पावडर' म्हणजे आपलं लाल तिखट नव्हे. टेक्ससच्या न्यू ब्राउनफेल्स गावात विल्यम गेभार्ट या जर्मन गृहस्थांनी १८९० च्या दशकात मिरची, जिरं, ओरेगॅनो, लसूण असं मिश्रण विकायला सुरुवात केली, आणि तीच चव टेक्ससभर रुजली. आपल्या डब्यातलं काश्मिरी तिखट दोन चमचे, ताजी भाजून कुटलेली जिरेपूड एक चमचा, लसूण आणि चिमूटभर ओरेगॅनो घेतलं की काम भागतं. गरम मसाला घालू नये. लवंग-दालचिनी आली की चव निराळ्याच दिशेला जाते.

टेक्ससमधल्या मराठी घरांत हा पदार्थ सहज रुळतो, कारण शाकाहारी माणसाला यात वेगळं ताट लागत नाही. खिम्याच्या जागी राजमा आला की झालं. राजमा आठ तास भिजवावा, ते पाणी टाकावं आणि कुकरमध्ये मऊ शिजवावा. स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा थेट टाकू नये. त्यातलं लेक्टिन मंद आचेवर जात नाही आणि उलट्यांचा त्रास होतो. आधी निदान दहा मिनिटं खळखळून उकळावा लागतो. शिजला की निथळून, तेलावर मसाल्यात परतावा, निम्मा डावानं ठेचावा.

पुण्या-मुंबईत करायचं तर आइसबर्ग लेट्यूस आता मंडईतही मिळतं. अव्होकाडो झाडावर पिकत नाही, तोडल्यावर पिकतो. कडक मिळाला तर केळ्यासोबत कागदी पिशवीत ठेवावा, देठापाशी अंगठ्यानं किंचित दबला की कापावा. चिप्स नसतील तर शिळ्या पोळीचे त्रिकोण तळून घ्यावेत. मिरची, टोमॅटो, मका, राजमा, अव्होकाडो हे सगळेच मूळचे अमेरिका खंडातले. त्यातली मिरची पोर्तुगिजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात गोव्याकडे आली, आणि आज तिच्यावाचून आपली फोडणी होत नाही.

वाढताना सगळं आधी कालवून ठेवू नये. सारण कोमट होऊ द्यावं. प्रत्येकाच्या ताटात आधी चिप्स, मग पाला, सारण, टोमॅटो-कांदा, चीज, अव्होकाडोच्या फोडी, शेवटी ड्रेसिंग. वाट्या मधोमध ठेवल्या की आजी मिरची टाळतात, मुलं चीज दुप्पट घेतात, कुणाला आग्रह करावा लागत नाही. घट्ट चक्का थोड्या दुधात फेटून ठेवला तर सावर क्रीमची उणीव भासत नाही. सारण उरलं तर फ्रिजमध्ये तीन दिवस राहतं, कोरड्या पंचात गुंडाळलेलं लेट्यूसही राहतं. कापलेला अव्होकाडो मात्र त्याच जेवणात संपवावा.