म्हातारपणाची काठी

दिवाळीच्या खरेदीची यादी आमच्या घरी दरवर्षी हिच्या हातची असते. गेल्या वर्षी त्या यादीच्या तळाशी मी माझ्या अक्षरात एक ओळ वाढवली : 'अण्णांसाठी काठी.' ही म्हणाली, "बरं झालं बाई! डॉक्टरांनी कधीचीच सांगितली होती." मी गप्प बसलो. हिच्या मनातली काठी हातात धरून चालायची होती. माझ्या मनातली काठी सात फुटांची, शेंड्याला छडीसारखी लवणारी आणि मासे धरायची होती!

आमचे अण्णा रेवदंड्याचे. प्राथमिक शाळेत सारी हयात मास्तरकी केली आणि शाळा सुटली की कुंडलिकेच्या खाडीवर जाऊन गरी टाकली. बाटलीला गुंडाळलेला तंगूस, त्याच्या टोकाला शिसे आणि गळ, गळाला जिवंत कोळंबी. शिसे डोक्याभोवती गरगर फिरवून ते असे भिरकावीत, की आम्ही मुले ते पाण्यात कुठे पडले हे शोधतच राहायचो. पण तीन वर्षांपूर्वी मागल्या दारी पाय घसरला आणि उजवा खांदा मोडला. हाड सांधले, पण हात काही खांद्याच्या वर जाईना. गरी फिरवणे संपले, कोळंबीसाठी पाग टाकणे तर त्याहून संपले. मग अण्णा ओटीवर बसू लागले. तक्रारीचा शब्द नाही. फक्त रोज केव्हा तरी म्हणायचे, "आता पाणी सुकत आलं असेल." गणपतीत गेलो तेव्हा चार दिवसांत हे वाक्य मी सात वेळा ऐकले, आणि परतताना लाँचमध्ये ठरवून टाकले, की अण्णांना पुन्हा खाडीवर न्यायचे.

काठीने मासे धरण्यात दोन सोयी आहेत. एक तर आमिष खांद्याच्या नव्हे, काठीच्या जोरावर फेकले जाते. दुसरे म्हणजे लाकडाचे, प्लॅस्टिकचे किंवा रबराचे खोटे आमिष वापरले, की कोळंबीचीही गरज उरत नाही. हा खोटा मासा पाण्यातून ओढीत आणायचा. जिताडा, तांबोशी यांसारखे शिकारी मासे त्यावर झडप घालतात. फिनलंडमधल्या लाउरी रापाला नावाच्या गरीब कोळ्याने १९३६ साली बुचाचा असा मासा कोरला आणि त्याला चॉकलेटवरची चंदेरी वर्खी गुंडाळली. आजारी मासा जसा लटपटत पोहतो तसा तो लटपटावा, एवढीच त्याची खटपट होती. त्या लटपटीवर पुढे जगभर पसरलेला कारखाना उभा राहिला.

एवढी माहिती जमवून मी एका शनिवारी मुंबईतल्या एका दुकानात शिरलो. आता वाचकहो, अज्ञानी गिऱ्हाईक आणि बोलका दुकानदार यांची गाठ पडली की काय होते, हे मी तुम्हांला सांगायला नकोच! "मोठा मासा धरायचा ना साहेब? मग मोठी काठी घ्या." बारा फुटांची काठी त्याने माझ्या हाती दिली. तिला नारळाएवढे रील. "आत बारा बेअरिंगं आहेत!" मी बेअरिंगे मोजायला थोडाच बसणार होतो? पैसे मोजले आणि मांडव्याच्या लाँचमधून ते धूड रेवदंड्यास नेले.

अण्णांनी ती काठी डाव्या हातात घेतली. उजवा हात रिळाकडे नेला. क्षणभर ती उचलून धरली आणि मग हळूच भिंतीला टेकवून ठेवली. म्हणाले, "छान आहे. तूच वापर."

मला त्या रात्री जेवण गोड लागले नाही. वाईट काठी आणली म्हणून अण्णा रागावले असते तर बरे वाटले असते. पण त्यांना वाटले, की काठी चांगली आहे आणि आपणच आता कामातून गेलो आहोत!

दुसऱ्या दिवशी शेजारचे कोळीकाका आले. डोलीच्या जाळ्यावर आयुष्य काढलेला माणूस. हल्ली त्यांचा मुलगा शहरातल्या हौशी मंडळींना होडीतून काठीने मासे धरायला नेतो, त्यामुळे काकांना या सामानाची चांगली पारख. त्यांनी आतून हिचा ताणकाटा मागवला, काठी-रील त्याला टांगले आणि म्हणाले, "सव्वा किलो. अरे पोरा, ही दर्यावर टाकायची काठी. लाटांच्या पलीकडं जड शिसं फेकायला हिची लांबी. तिथं ती वाळूत रोवून माणूस बिडी ओढत बसतो. खाडीत खोटं आमिष टाकायचं म्हणजे तासाला पन्नास वेळा टाकायचं नि पन्नास वेळा ओढायचं. सव्वा किलो घेऊन माझा पोरगाही थकेल, मास्तरांचं काय घेऊन बसलास?"

त्या सकाळी काकांनी जी शिकवणी घेतली ती मी वहीत उतरवून ठेवली आहे. कोणाच्या घरी असा हौशी वडीलधारा असेल, किंवा कोणाला स्वतःलाच हा नाद लागला असेल, त्यांच्यासाठी तिचे सार देतो.

पहिली गोष्ट लांबीची. खाडीत कांदळवनाच्या कडेने, तिवरांच्या मुळांशी, जेटीच्या खांबांशी मासा दबा धरून बसतो. तेथे लांब पल्ल्यापेक्षा नेम महत्त्वाचा. साडेसहा ते साडेसात फुटांची काठी त्याला पुरे. होडीतून टाकायचे तर आखूड, काठावरून टाकायचे तर जरा लांब. अण्णांसाठी आम्ही सात फूट ठरवली, दोन तुकड्यांची, म्हणजे एस.टी.त भांडण नको.

दुसरी गोष्ट ताकदीची. मुठीच्या जरा वर काठीवर बारीक अक्षरांत आकडे छापलेले असतात. दुकानदार काय बोलतो त्यापेक्षा ते वाचावेत. एक आकडा दोर किती पौंडांचा लावावा हे सांगतो, दुसरा आमिष किती ग्रॅमचे फेकावे हे सांगतो. आमच्या खाडीला १० ते २० पौंडांचा दोर आणि १० ते ३० ग्रॅमचे आमिष झेलणारी काठी बेताची. तीस ग्रॅमच्या काठीने पाच ग्रॅमचे आमिष फेकू गेलात तर ते तुमच्या पायाशीच पडेल. काठी लवलीच नाही तर फेकणार कशाच्या जोरावर?

तिसरी गोष्ट लवण्याची. काही काठ्या फक्त शेंड्याशी वाकतात, काही पार कमरेपासून. शेंड्याशी वाकणारीने नेम चांगला साधतो आणि गळ चटकन रुततो. कमरेपासून वाकणारी फेकायला सोपी, मासा उसळला तरी धक्का सोसणारी. अण्णांच्या हातात झटका नको म्हणून आम्ही मधली निवडली.

चौथी गोष्ट रिळाची. रिळे मुख्यतः दोन जातींची. एकात दोराचे रीळ स्वतःच गरगर फिरते. तरबेज माणसाच्या हातात ते नेमाला अचूक. नवख्याच्या हातात दोराचा असा गुंता होतो, की सुगरणीचे घरटे बरे! शिवाय त्याची मूठ ज्या बाजूला असते त्याच बाजूला राहते. दुसऱ्या जातीत रीळ स्थिर असते आणि दोर त्याच्या तोंडावरून सुटत जातो, जसा गिरणीतल्या बॉबिनवरून धागा सुटावा. ही युक्ती लोकरीच्या धंद्यातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ या इंग्रज गृहस्थाने १९०५ साली पेटंट करून घेतली. आजही नवशिक्याने याच जातीचे रील घ्यावे. याची मूठ काढून डावी-उजवी कुठेही बसवता येते. उजव्या हाताचे लोक सहसा काठी उजव्या हातात धरून डाव्याने मूठ फिरवतात. अण्णांचे उलट करायचे होते. काठी डाव्या हातात. उजवे कोपर बरगडीला टेकवून फक्त मनगटाने मूठ फिरवायची. खांद्याला कामच नाही!

रिळाचा आकार आकड्यांत असतो. खाडीला ३००० किंवा ४००० पुरे. आम्ही तीन हजारी घेतले, वजन पाव किलोच्या थोडे वर. बेअरिंगांची संख्या काकांनी हसण्यावारी नेली. खाऱ्या पाण्यात निकृष्ट बारांपेक्षा चांगली चार टिकतात. पाहायचे ते असे : मूठ सावकाश फिरवावी, खरखर नको, मूठ धरून हलवावी, खडखड नको, आणि ड्रॅग थोडा सैल करून हाताने दोर ओढावा, तो आचके न देता सरळ सुटला पाहिजे. ड्रॅग म्हणजे रिळाचा लगाम. मासा जोरात पळाला तर दोर तुटण्याआधी थोडा थोडा सुटू देणे हे त्याचे काम.

शेवटची परीक्षा तोलाची. रील काठीला चढवावे आणि रिळाच्या जरा पुढे एका बोटावर काठी तोलावी. ती शेंड्याकडे झुकली तर दिवसभर मनगट दुखणार. म्हणून काठी व रील एकाच दुकानात, एकत्र चढवून पाहिल्यावाचून घेऊ नये.

पुढच्या शनिवारी मी वही घेऊन दुसऱ्या दुकानात गेलो. काठी-रील मिळून वजन चारशे ग्रॅमच्या आसपास, किंमत साडेसात हजार. हिला किंमत सांगितली तेव्हा ती यादीतल्या स्वतःच्या पैठणीवर मुकाट्याने काट मारू लागली. मी तिचा हात धरला. अखेर काट माझ्या सुटावर बसली.

वर दीडशे मीटर विणलेला दोर भरला, २० पौंडांचा. हा दोर गुळगुळीत असल्याने नुसत्या रिळावर घसरतो, म्हणून खाली थोडा तंगूस गुंडाळून घ्यावा लागतो. पुढे ४० पौंडांच्या जाड तंगुसाचा एक मीटर तुकडा. कारण जिताड्याच्या कल्ल्यावरचे झाकण सुरीसारखे धारदार असते. ड्रॅग किती आवळायचा? दोराच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शाएवढा. २० पौंड म्हणजे नऊ किलो, चौथा हिस्सा सव्वादोन. ओटीवर मी काठी धरून उभा आणि अंगणात ही ताणकाट्याला दोर बांधून ओढते आहे, हे दृश्य पाहायला अर्धी आळी जमली होती. अण्णा खुर्चीवरून म्हणाले, "सूनबाई, जिताडा इतका सभ्यपणे ओढत नाही हो!" तीन वर्षांत पहिल्यांदाच ते असे बोलले.

अमावास्येला उधाण असते आणि लक्ष्मीपूजन अमावास्येचेच. पाडव्याला दुपारी भरती लागून पाणी उतरू लागले आणि चारच्या सुमारास आम्ही खाडीवर पोहोचलो. ओहोटीला लहान लहान नाळ्यांतून पाणी मोठ्या खाडीत उतरते. त्याबरोबर बोय, कोळंबी वाहत येते आणि नाळीच्या तोंडाशी जिताडा उभा असतो. हे अण्णांना पुस्तकात वाचावे लागले नाही. जागा त्यांनीच निवडली. वरून विजेच्या तारा जात नाहीत ना एवढे मी पाहून घेतले. कार्बनच्या काठीतून वीज वाहते, हे कोणी विसरू नये.

पहिल्या वेळी आमिष दहा हातांवर पडले. दुसऱ्या वेळी तिवरात अडकले, ते मी चिखलात उतरून सोडवले. विसाव्या वेळेपर्यंत डाव्या मनगटाला रीत कळली. काठी कमरेपाशी आडवी नेऊन ते खालूनच हलके फेकू लागले. सूर्य कोर्लईच्या किल्ल्यामागे कलला तेव्हा आमिष बरोबर नाळीच्या तोंडाशी पडले. अण्णांनी मूठ तीन वेळा फिरवली, थांबवली, आणि पाण्यात कोणी दार आपटावे तसा आवाज झाला.

काठी वाकली. रील किर्रर्र ओरडले. मी पुढे धावलो तर अण्णा वर्गातल्या आवाजात म्हणाले, "जागेवर बस!" मी बसलो. मासा पळाला की ते मूठ सोडीत, थांबला की फिरवीत. मास्तरांना पोराला केव्हा ओढावे नि केव्हा सोडावे हे का शिकवायचे होते? पाच मिनिटांनी चंदेरी जिताडा काठाशी आला. जेमतेम हातभर. काका म्हणाले, "मास्तर, तव्यापुरता आहे." घरी हिने मसाला वाटून ठेवलेला मला दिसत होता.

अण्णांनी त्याला ओल्या हातांनी धरून पाहिले. जिताडा आधी नर असतो आणि चांगला मोठा झाल्यावर त्याची मादी होते. तेवढा वाढू दिला तरच खाडीत पुढची पिढी यायची. "अजून शाळेत आहे हा," अण्णा म्हणाले आणि त्यांनी त्याला पाण्यात सोडून दिले.

घरी पिठले-भात झाला. हिने काही म्हटले नाही, फक्त मसाला झाकून ठेवला. मी रील धुवायला उठलो तर अण्णा म्हणाले, "राहू दे, माझं मी करतो." ड्रॅग घट्ट करून त्यांनी वरून गोडे पाणी हलकेच ओतले. जोराची धार मारली तर मीठ आत जाते, हे मीच त्यांना सांगितले होते. मग ते पुसले, ड्रॅग सैल केला आणि काठी ओटीच्या खुंटीवर टांगली. डाव्या हाताने.

डॉक्टरांनी सांगितलेली काठीही मी आणली होती. ती कोपऱ्यात उभीच होती. अण्णांनी ती उचलली, अंगणात जाऊन आभाळाकडे पाहिले आणि तिथूनच म्हणाले, "उद्या पाणी पाऊण तास उशिरा सुकेल. सूनबाई, चहा जरा मागाहून ठेवा."